धम्मप्रियाचा डावा डोळा

परवा गुरुवारी धम्मप्रिया लातूरला जाणार नाही असं मला वाटतंय, आणि ते काही केल्या डोक्यातून जात नाही. "जाणार नाही" असं ती म्हणालेली नाही. ती म्हणाली, "बघते गं आई." ती आता एकतीस वर्षांची आहे आणि तिचं हे "बघते" मी तिला बोलता यायला लागल्यापासून ऐकतेय. त्याचा अर्थ मला चुकत नाही.

गुरुवारी तिच्या डाव्या डोळ्याची तीन महिन्यांची तपासणी आहे. ऑगस्टमध्ये तिच्या बुबुळाच्या काठावरून एक छोटी गाठ काढली. ती पुन्हा आली तर सुरुवातीला आरशात दिसत नाही, दवाखान्यातल्या यंत्राखालीच दिसते. लवकर दिसली तर थोडक्यात भागतं. उशीर झाला तर डोळ्यावर जातं. हे डॉक्टरबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं होतं, आणि धम्मप्रियाने मान हलवून ऐकलंही होतं. पण गुरुवारी अमावस्या आहे, आणि अमावस्येला तिने लसीकरण ठेवलंय.

अमावस्या आणि लसीकरणाचा काय संबंध, ते कळायला आधी माझी लेक कळायला हवी.

ती पशुधन पर्यवेक्षक आहे. देवणी तालुक्यातल्या एका गावात जनावरांचा सरकारी दवाखाना आहे, दोन खोल्या, समोर एक लिंबाचं झाड आणि झाडाखाली लोखंडी खोडा. जनावराला तपासायचं असलं की त्या खोड्यात उभं करतात, पुढून-मागून आडवे दांडे टाकतात, म्हणजे ते हलत नाही. आजूबाजूच्या पाच गावांतली गाई-म्हशी-बैल तिच्याकडे येतात, आणि जी येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे ती स्कूटीवर जाते. पायात गमबूट, पाठीवर बॅग, डोक्याला ओढणी.

हे वेड तिला लहानपणापासूनचं. मुखेडच्या आठवडी बाजारात मी तिला बांगड्यांच्या दुकानासमोर उभी करायची आणि दोन मिनिटांनी वळून बघावं तर ती जनावरांच्या बाजारात. तिथं खाली बसून बैलांचे खूर बघत असायची. एकदा एका शेतकऱ्याने तिला विचारलं, "काय गं, घेतीस का जोडी?" सात वर्षांची ही म्हणाली, "डावा लंगडतोय. नको." त्या माणसाचं गिऱ्हाईक समोरच उभं होतं. आम्हाला तिथून पळावं लागलं.

मी नांदेडच्या कॉलेजात बी.ए. केलं आणि पुढं मुखेडच्या शाळेत नोकरी केली. पोरीनं प्राध्यापक व्हावं असं माझ्या मनात होतं. तिचे बाबा, शेषेराव, एस.टी.त वाहक होते. त्यांचं म्हणणं एवढंच, "तिला ज्या गाडीत बसायचं त्या गाडीत बसू दे. आपण तिकीट फाडायचं." ती उदगीरला गेली, पशुधनाची पदविका केली, परीक्षा दिली आणि नोकरीला लागली.

पहिलं वर्ष अवघड गेलं. गाय माजावर आली की शेतकरी दवाखान्यात यायचे, हिला बघायचे आणि विचारायचे, "साहेब कुठं हायत?" ही म्हणायची, "साहेब मीच." मग ते गाय घेऊन परत जायचे. एक जण तर म्हणाला, "पोरीच्या हातून गाभण ऱ्हाती व्हय गाय?" धम्मप्रिया म्हणाली, "हात माझा आहे, दादा, बीज वळूचं आहे. तुम्ही कशाला टेन्शन घेता?" तिथल्या बाकड्यावरचे सगळे हसले. तो माणूस लाजला, पण गाय तेवढी खोड्यात घातली. ती गाय राहिली आणि तिला कालवड झाली. तेव्हापासून "साहेब कुठं हायत" कुणी विचारत नाही. आता मॅडम म्हणतात.

आणखीही काही होतं. सुरुवातीला काही घरांत तिला चहा गोठ्यातच आणून द्यायचे, वेगळ्या कपात. का ते तिलाही कळत होतं आणि देणाऱ्यालाही. मी ऐकून रात्रभर जागी राहिले. तिला फोनवर म्हटलं, बदली मागून घे. ती म्हणाली, "आई, मी कप नाही मोजत. गाई मोजते. यंदा दोनशे अकरा झाल्या." पण ते तिला लागलं होतं, मला कळलं होतं. त्यातून तिला बाहेर काढलं ते भीमाशंकर अप्पांच्या घराने.

अप्पा म्हणजे दवाखान्यापासून दोन कोसांवरच्या गावातले शेतकरी. पासष्टी ओलांडलेले, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, अंगावर पांढरं धोतर आणि हातात कायम दावं. जनावरांशी कानडीत बोलतात आणि माणसांशी मराठीत. त्यांची एक देवणी गाय आहे, चंद्री. अंगाने पूर्ण पांढरी, डोळ्याभोवतीही काळं नाही. तीन वर्षांपूर्वी धम्मप्रिया त्यांच्या गोठ्यात दुसऱ्याच गाईला इंजेक्शन द्यायला गेली होती. जाता जाता तिने चंद्रीच्या डोळ्याकडे पाहिलं आणि थांबली. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात लालसर, बोराच्या बीएवढी गाठ होती.

"अप्पा, हे कधीपासून आहे?"

"काय की. माशी चावली आसंल."

"माशी नाही ही. हा डोळ्याचा कॅन्सर असू शकतो. पांढऱ्या तोंडाच्या जनावरांना उन्हानं होतो."

अप्पा हसले. "गाईला कसला आलाय कॅन्सर, मॅडम? ती काय तंबाखू खाती?"

आठ दिवस ती रोज त्यांच्या गोठ्यात जात होती. शेवटी अप्पांची बायको शिवगंगाबाई वैतागून नवऱ्याला म्हणाल्या, "आवो, काढून घ्या ते एकदाचं. न्हाईतर ह्या पोरीला इथंच खाट टाकून द्या." मग उदगीरहून मोठे डॉक्टर आले, धम्मप्रियाने हाताखाली काम केलं आणि गाठ निघाली. तपासणीत ती कॅन्सरचीच निघाली, पण वेळेवर निघाली. चंद्रीचा डोळा वाचला. त्या दिवशी शिवगंगाबाईंनी तिचा हात धरून तिला गोठ्यातून थेट स्वयंपाकघरात नेलं, पाटावर बसवलं आणि गरम भाकरी वाढली. हळूहळू गावातल्या बाकीच्या घरांतही चहाचे कप एकसारखे झाले. धम्मप्रियाने मला हे सांगितलं तेव्हा भाकरीबरोबर काय होतं तेसुद्धा सांगितलं. दोडक्याच्या शिरांची चटणी.

तिने अप्पांना बजावलं होतं, गाठ परत येऊ शकते, दर महिन्याला गाय दाखवायला आणायची. अप्पांनी त्याला अमावस्या धरली. तिकडे अमावस्येला बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. औत बंद, गाडी बंद, सगळी जनावरं घरी. अप्पांना त्या दिवशी मोकळीक असते. म्हणून दर अमावस्येला सकाळी ते चंद्रीला घेऊन दोन कोस चालत येतात, खोड्यात उभी करतात, धम्मप्रिया बॅटरी लावून डोळा बघते आणि वहीत लिहिते, "डोळा स्वच्छ." दुसऱ्या वर्षी तिने सांगितलं की आता तीन महिन्यांनी आणलं तरी चालेल. अप्पा म्हणाले, "तारीख माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई. अमावस्या ऱ्हाती." आणि ते येतच राहिले.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आठ दिवस आधी हीच चंद्री गाभण आहे का ते बघायला धम्मप्रिया अप्पांच्या गोठ्यात गेली होती. गाय तपासताना मालकाने शेपूट बाजूला धरून ठेवायचं असतं. अप्पांनी धरलंही होतं. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. मुलगा पुण्याला असतो, त्याचा असेल म्हणून त्यांनी एक हात सोडला. चंद्रीने शेपटीचा असा फटका दिला की धम्मप्रिया भिंतीवर आदळली. पावसाळ्याचे दिवस, शेपटीच्या गोंड्यात शेण आणि आघाड्याची कुसळं चिकटून वाळलेली. ती डाव्या डोळ्यात गेली. पांढऱ्या भागावर, बुबुळाला लागूनच ओरखडा आला.

अप्पा रडकुंडीला आले. ती एका डोळ्यावर हात धरून म्हणाली, "जाऊ द्या अप्पा. मी तिच्या डोळ्याला हात लावला होता, तिनं माझ्या लावला. गाभण आहे मात्र, पेढे आणा."

आणि इथं तिने ती चूक केली. दवाखान्यात जनावरांच्या डोळ्याचं मलम होतं. रोज दहा जनावरांच्या डोळ्यांत ती ते घालते. तेच तिने आपल्या डोळ्यात घातलं. दोन दिवसांत लाली उतरली. पुढं महिना-दोन महिन्यांनी पुन्हा डोळा लाल झाला, पुन्हा मलम. पुन्हा उतरली. असं ती आठ महिने करत होती आणि घरी कुणालाच काही बोलली नाही. माणसांच्या डॉक्टरकडे जायला तिला वेळ नव्हता, आणि तिला वाटत होतं की डोळ्याचं आपल्याला कळतं. कळतही होतं. फक्त तो डोळा चार पायांवर उभा असायचा.

मला कळलं ते बुद्धपौर्णिमेला. मुखेडच्या विहारात वंदना झाली, आम्ही सगळ्यांनी पांढऱ्या कपड्यांत फोटो काढला. दुपारी मी तो फोटो मोबाईलवर मोठा करून बघत होते. आईला दुसरा काय उद्योग असतो? तिच्या डाव्या डोळ्यात बुबुळाच्या काठावर एक पांढरा ठिपका दिसला. तिला विचारलं तर म्हणाली, "उजेड पडला असेल." उजेड दोन्ही डोळ्यांत पडायला हवा. तिला खिडकीशी नेऊन बघितलं. ज्वारीच्या दाण्याहून लहान, वर साय आल्यासारखं आणि त्याच्याकडे जाणाऱ्या दोन-तीन जाड लाल रेषा.

"हे काय आहे?"

"जुन्या जखमेचा व्रण आहे गं. शेपूट लागलं होतं."

"व्रण वाढतो का?"

"वाढला नाहीये."

"दाखवून घे."

"बघते."

मे गेला, जून गेला, अर्धा जुलै गेला. शेवटी मी हिच्या बाबांना म्हटलं, मी जाते. ते म्हणाले, "जाऊन काय करणार? उचलून आणणार?" मी म्हटलं, "बसून राहीन." मुखेडहून उदगीर, उदगीरहून देवणी, तिथून पुढं एका जीपमध्ये. सकाळी साडेदहाला मी तिच्या दवाखान्यासमोर बाकड्यावर जाऊन बसले. मुद्दाम अमावस्या निवडली नव्हती, पण निघाली.

मी तिचं काम असं बसून कधी बघितलं नव्हतं. एका म्हशीच्या पोटात वारं धरलं होतं, तिला नळी घातली. एका बाईने कडेवर करडू आणलं होतं, त्याला जुलाब. एक म्हातारा नुसता विचारायला आला होता की बैल उदास का आहे. धम्मप्रियाने त्याला दहा मिनिटं दिली. "जोडीदार विकलात ना गेल्या आठवड्यात?" ती म्हणाली. "मग अजून काय होणार? दुसऱ्या बैलाशेजारी बांधा." म्हातारा समाधानाने गेला. औषध दिलं नाही म्हणून कुरकुर नाही की काही नाही. मी बघत होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी कशाला आले तेच क्षणभर विसरले.

मग अप्पा आले, मागून चंद्री आणि तिचं वासरू. "बा, बा," म्हणत तिला खोड्यात घेतलं. मी "जय भीम, अप्पा" म्हटलं, त्यांनी हात जोडून "शरणु, बाई, शरणु" म्हटलं. धम्मप्रियाने बॅटरी लावली, चंद्रीचा डोळा बघितला, वहीत लिहिलं. अप्पा दावं हातात धरून तिच्याकडे बघत उभे. बघता बघता ते खाली वाकले आणि तिच्याच डोळ्यात निरखून बघू लागले.

"मॅडम, हिचं झालं. आता तुमी खोड्यात या."

"काय?"

"तुमी या म्हणलं खोड्यात. चंद्रीला होतं तसंच दिसायलंय तुमच्या डोळ्यात."

बाकड्यावरचे तिघे-चौघे हसले. एक जण म्हणाला, "अप्पा, मागचा दांडा टाकू का?" धम्मप्रियाही हसली. मी हसले नाही. अप्पाही हसले नाहीत. ते म्हणाले, "मी खोटं न्हाई बोलायलो. आठ दिवस तुमी माझ्या गोठ्यात येऊन मला सांगत होता, कोपऱ्यात गाठ, वर रक्ताच्या रेघा. मी अडाणी माणूस, पर तेवढं ध्यानात ठिवलंय. बघा आरशात. हीच गाठ गाईला आसती तर मला घरी जाऊ दिलं आसतं का तुमी?"

धम्मप्रिया आत गेली. स्कूटीचा आरसा नको, खोलीतला चांगला आरसा घेतला आणि दारात उजेडाला उभी राहिली. मी बाकड्यावरून तिला बघत होते. बोटाने पापणी ओढून तिने दोनदा बघितलं. बाहेर आली आणि मला म्हणाली, "आई, उद्या लातूरला जाऊ."

लातूरच्या डॉक्टरबाई साधारण माझ्या लेकीपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या असतील. यंत्रातून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "डोळ्यात काय घालत होता?"

धम्मप्रिया खाली बघत म्हणाली, "मलम."

"कोणतं?"

"जनावरांचं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कुणी सांगितलं?"

"मीच."

"त्यात स्टिरॉइड असतं, तुम्हाला माहीत आहे. लाली दाबली जात होती आणि खालून हे वाढत होतं. गाईच्या मालकानं असं केलं असतं तर काय म्हणाला असता त्याला?"

"ओरडले असते," ती म्हणाली.

"मग समजा मी ओरडले."

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. मार लागलेल्या जागी कधी मांसाचा लाल गोळा येतो, कधी पाण्याची पुळी धरते. ती साधी असतात, काढली की संपलं. हे तसं दिसत नव्हतं. वर पांढरी साय होती आणि त्याला पोसायला जाड रक्तवाहिन्या आल्या होत्या. मारामुळेच झालं असं त्या लिहून देणार नव्हत्या, कारण वर्षानुवर्षं उघड्या डोळ्यांनी उन्हात फिरणं हेही त्यात असतं. पण मार लागलेली जागा आणि ही जागा एकच होती, एवढं खरं. काढायचं, भोवतीची थोडी चांगली जागाही घ्यायची, कडा गोठवायच्या आणि गाठ तपासायला पाठवायची.

रजा, तपासण्या, शस्त्रक्रियेची तारीख, असं करत ऑगस्ट उजाडला. डोळा बधिर करून काम झालं, तासाभरात ती बाहेर आली. डोळ्यावर पट्टी, आणि पहिलं वाक्य, "आई, त्यांचा चिमटा आमच्यापेक्षा केवढा बारीक असतो!"

रिपोर्ट यायला दहा दिवस लागले. ते दहा दिवस ती मुखेडला आमच्याकडे होती. मी तिच्या डोळ्यात चार वेळा थेंब घालायची, तिचे बाबा घड्याळ लावून बसायचे आणि वेळ झाली की ओरडायचे, "चला, डोळे स्टँड, उतरणारे पुढं या!" कित्येक वर्षांनी ती इतके दिवस सलग घरी होती. आम्ही रोज संध्याकाळी अंगणात बसायचो. तिने मला गाईंच्या गोष्टी सांगितल्या, मी तिला ती लहान असतानाच्या. भीती होती, पण त्या दहा दिवसांकडे आता मागे वळून बघते तेव्हा भीती आठवत नाही. तिने पट्टी बांधून केलेली वाकडीतिकडी पोळी आठवते.

रिपोर्ट चांगला आला. पेशी बिघडलेल्या होत्या, पण बिघाड वरच्या थरातच थांबला होता, खाली उतरला नव्हता. कडा स्वच्छ होत्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, "वेळेवर आलात. आणखी वर्षभर मलम लावत बसला असता तर मी हे बोलले नसते. पण परत येऊ शकतं. आठवड्यानं, महिन्यानं, मग दोन वर्षं दर तीन महिन्यांनी. चुकवायचं नाही. आणि टोपी, गॉगल."

आठवड्याची तपासणी झाली, महिन्याची झाली. आता ही तीन महिन्यांची.

आणि धम्मप्रियाने लाळ-खुरकुताचं लसीकरण नेमकं त्याच दिवशी अप्पांच्या गावात लावलंय. अमावस्येला, कारण त्या दिवशी सगळी जनावरं घरी सापडतात. इतर दिवशी बैल पहाटेच शेतात गेलेले असतात आणि ही मोकळ्या दावणीला इंजेक्शन घेऊन फिरते. सध्या तर हरभऱ्याच्या पेरण्या रखडल्यात, कुणी बैल घरी ठेवत नाही. तिचंही चूक नाही. गेल्या वर्षी शेजारच्या गावात अर्धी जनावरं लसीतून सुटली आणि त्यातलीच आजारी पडली, ते तिच्या मनाला लागून राहिलंय.

आज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मी तिला म्हटलं, "डॉक्टरबाईंना फोन करून शुक्रवार मागून घे."

"त्या शुक्रवारपासून आठ दिवस बाहेरगावी आहेत. मग पुढच्या महिन्यात बघू. काही होत नाहीये गं, मी रोज आरशात बघते."

"आरशात दिसत नाही असं सांगितलंय त्यांनी."

"बघते," ती म्हणाली.

व्हिडिओवर ती सगळा वेळ उजवी बाजू पुढं करून बसली होती. कदाचित दिवा त्या बाजूला असेल. मी "डावीकडे वळ" म्हटलं, तर तिने जीभ काढून दाखवली आणि डावा गाल पुढं केला. डोळा चांगला दिसला, पांढरा स्वच्छ. मोबाईलमध्ये मला काय कळणार? तिने गॉगलही दाखवला, गावातल्या पोरांनी त्याला 'मॅडमचा चष्मा' नाव ठेवलंय म्हणे. ती खुशीत होती. मलाही ती खुशीत बघून बरंच वाटलं. तिचे बाबा शेजारी शांत झोपलेत. झोपायच्या आधी म्हणाले, "तू उगाच जिवाला खातीस. मोठी झालीये ती." ती मोठी झालीये हे मलाही दिसतं. म्हणूनच ती माझं ऐकत नाही.

मी तिला आणखी समजावणार नाही. पुन्हा सांगितलं तर ती पुन्हा "बघते" म्हणेल. तिच्या साहेबांना कळवणंही मला जमणार नाही, ते तिच्या नोकरीत हात घालणं झालं, आणि मग ती माझ्याशी महिनाभर बोलणार नाही.

पण एक गोष्ट होऊ शकते. त्या गावातल्या लोकांनी अमावस्येनंतर शुक्रवारी सकाळीही बैल घरी ठेवले, दहा वाजेपर्यंत जू ठेवलं नाही, तर लसीकरण शुक्रवारी होईल आणि गुरुवार मोकळा राहील. पेरणीचे दिवस आहेत. अर्ध्या दिवसाचं काम मोडायला सांगायचं म्हणजे लहान गोष्ट नाही. एका परगावच्या बाईने, गावात फक्त एकदा, जुलैतल्या त्या अमावस्येला अप्पांच्या घरी, चहा प्यायलेल्या बाईने ते कसं सांगायचं, हाच विचार मी दोन तास करतेय. मी सांगून ऐकणार नाहीत. अप्पांनी सांगितलं तर ऐकतील. लसीच्या दिवशी सगळी जनावरं त्यांच्याच अंगणात गोळा होतात.

अप्पांना मी एवढंच म्हणणार आहे की तुम्ही तीन वर्षं एक अमावस्या चुकवली नाही. या अमावस्येला चंद्रीला राहू द्या, गावाला शुक्रवारी सकाळी बैल घरी ठेवायला सांगा आणि धम्मप्रियाला तेवढं लातूरला पाठवा. जमलं तर स्वतः तिच्याबरोबर जा. ती रागावेल. रागावू दे. रागाने बघायला दोन्ही डोळे राहिले म्हणजे झालं.

त्यांचा नंबर शिवगंगाबाईंनी त्या चहाच्या दिवशी माझ्या डायरीत लिहून दिला होता, तो सापडलाय. पहाटे लावून उपयोग नाही. शेपूट सुटलं त्या दिवसापासून अप्पा गोठ्यात फोन नेत नाहीत, घरात खुंटीला टांगून जातात. धारा काढून, हात धुऊन ते साडेसहाला ओसरीवर येतात. मी साडेसहाला फोन करणार आहे.